संघात न निवडलेला मुलगा

संघात निवड झाली नाही की मुलात दमच नाही, असे पालक धरून चालतात. कॅनडात बर्फावरच्या हॉकीबाबत याचा चांगला अभ्यास झाला आहे. तेथे मुलांचे गट जन्मवर्षानुसार पडतात. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. साहजिकच तो दणकट दिसतो, निवडला जातो आणि चांगले प्रशिक्षणही त्यालाच मिळते. व्यावसायिक संघांतही वर्षारंभी जन्मलेल्यांचा भरणा अधिक आढळला. ही निवड गुणांची कमी, वयाचीच जास्त!

क्वेबेकचा मार्टिन सेंट लुई जेमतेम ५ फूट ८ इंच. नवोदितांच्या निवडीत एकाही संघाने त्याला घेतले नाही. २००४ साली, वयाच्या २८व्या वर्षी, तो अमेरिका-कॅनडाच्या मुख्य लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला. २०१३ साली, ३७व्या वर्षी, पुन्हा तोच. उंची काही वाढली नव्हती. पंचविशीनंतर वेग फारसा वाढत नाही, पण चकती कोठे येणार हे हेरणारी नजर खेळून खेळूनच तयार होते.

मुलगे ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान केव्हाही वयात येऊ लागतात. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना नको, उंचीच्या पावडरींवर खर्चही नको. मात्र १४ पूर्ण होऊनही वयात येण्याची एकही खूण दिसत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना शाळेतील उंचीच्या जुन्या नोंदी बरोबर न्याव्यात.