दरमहा गोळी, मग रक्त कशाला तपासायचं?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ह्यूस्टनला राहते. तिच्या कुत्र्याला बारा महिने हार्टवर्मची गोळी चालू असते, तरी डॉक्टर दरवर्षी त्याचं रक्त काढतातच. हे कशासाठी? आणि पुण्यातल्या आमच्या मोतीचीही ही तपासणी करावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ही गोळी पुढच्या महिन्याची राखण करत नाही, मागच्या महिन्याची साफसफाई करते. डास चावतो तेव्हा हार्टवर्मच्या अळ्या चाव्याच्या जखमेतून कुत्र्याच्या अंगात शिरतात आणि पहिले काही आठवडे कातडीखाली, स्नायूंत वाढतात. गोळी मारते ती या कोवळ्या अळ्यांना. दोन महिन्यांच्या घरात पोचलेली अळी त्या मात्रेला दाद देत नाही. ती रक्तातून फुप्फुसाच्या धमन्यांत जाते आणि सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढते. मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब होते आणि पाच ते सात वर्षं जगते.

आता तपासणीचं. त्यात सापडतं ते प्रौढ मादीपासून रक्तात उतरणारं एक प्रथिन. म्हणून जुलैची गोळी चुकली आणि ऑगस्टमध्ये रक्त तपासलं, तर अहवाल स्वच्छच येणार. खरं काय ते पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कळेल. सात महिन्यांखालच्या पिल्लाची तपासणीही याच कारणाने निरर्थक. तुमची मुलगी गोळी चुकवत नसेल, पण कुत्र्याने ती कोपऱ्यात जाऊन ओकली, किंवा त्याचं वजन वाढून मात्रा अपुरी पडली, हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात या औषधांना न जुमानणारे हार्टवर्म सापडले आहेत आणि ह्यूस्टन तिथून फार लांब नाही. दरवर्षीचं रक्त म्हणूनच.

उशिरा कळलं तर उपचार खडतर असतात. आर्सेनिकयुक्त औषधाची इंजेक्शनं पाठीच्या स्नायूंत खोल द्यावी लागतात : एक आधी, महिन्याने आणखी दोन, एका दिवसाच्या अंतराने. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकू शकतात, त्यामुळे कुत्र्याला कित्येक महिने धावू-उड्या मारू देता येत नाही. उमद्या कुत्र्याला असं बांधून ठेवणं किती जिवावर येतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

मोतीबद्दल माझं मत वेगळं आहे. भारतात हार्टवर्मच्या नोंदी मुख्यतः ईशान्येकडच्या आहेत. केरळात आढळतो तो त्याचा भाऊबंद. तो कातडीखाली राहतो आणि क्वचित माणसाच्या डोळ्यातही सापडतो. मोती आसामातून आलेला नसेल किंवा उद्या मुलीकडे जाणार नसेल, तर हार्टवर्मच्या आधी गोचिडांकडे बघा. आपल्याकडे कुत्र्याच्या रक्तावर खरी धाड पडते ती गोचीडतापाची, म्हणजे एर्लिकिया आणि बबेसियाची. ताप, खाणं सोडणं, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

आणि कळकळीने सांगतो, गोचिडांसाठी गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने देऊ नका. हार्टवर्म रोखायला या औषधाची मात्रा किलोमागे 6 मायक्रोग्रॅम असते, गुरांची 200. कॉलीसारख्या जातींत अनेक कुत्र्यांच्या जनुकातल्या एका बदलामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि एवढी मोठी मात्रा जीव घेऊ शकते.

घरात मांजर असेल तर तिच्याबाबत दोन गोष्टी. मांजरात हार्टवर्म एक-दोनच असतात, कधी फक्त नर, त्यामुळे वरची तपासणी त्यांना हमखास पकडेल असं नाही. मोठे जंत मारणारं सुरक्षित औषधही मांजरासाठी नाही, म्हणून जिथे हा रोग आहे तिथे प्रतिबंध हाच उपाय. दुसरी गोष्ट पुण्यातही लागू : कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. थरथर सुटते, झटके येतात. तेव्हा मोतीला असं औषध लावलं की ते पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्याच्या अंगाशी झोपू देऊ नका.