बेणारेच्या स्वगताआधी

नाट्यशिबिर असो वा एकांकिकेची निवडचाचणी, विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं लीला बेणारेचं शेवटचं स्वगत घेऊन एखादी मुलगी उभी राहतेच. आवाज चढतो, डोळे भरतात, पण बेणारेबाई काही दिसत नाहीत. 1967मध्ये सुलभा देशपांडे यांनी पहिल्यांदा उभी केलेली ही भूमिका करायची असेल, तर स्वगताचं पाठांतर आधी बाजूला ठेवा.

सगळी संहिता मोठ्याने वाचा. वहीत दोन रकाने आखा. बेणारे स्वतःबद्दल काय बोलते ते एकात लिहा, बाकीचे तिच्याबद्दल काय बोलतात ते दुसऱ्यात. ती शिक्षिका आहे, कामाचा तिला अभिमान आहे, ती गरोदर आहे आणि त्या बाळाचे वडील, प्राध्यापक दामले, आलेले नाहीत. संहितेत नसलेलं बालपण तिला चिकटवू नका.

आता पहिला अंक. इथे ती प्रयोगाच्या गावातल्या सामंतांशी हसतखेळत बोलते. प्रत्येक वाक्यापुढे एक क्रियापद लिहा: चिडवते, टाळते, चाचपते. ‘दुःखी आहे’ असं लिहू नका, कारण ते रंगमंचावर करता येत नाही. टाळणं करता येतं. आणि कृपा करून पोटावर हात ठेवू नका. जे ती जिवापाड लपवते आहे, ते तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकांना कसं सांगता? त्यापेक्षा एखाद्या शाळेत जाऊन बाई वर्गात कशा उभ्या राहतात, शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवतात, ते बघून या.

खरी मेहनत आहे ती तिच्या गप्प राहण्यात. नाटकमंडळींनी तिला आरोपी करून मांडलेला खेळातला खटला खरा होत जातो, साक्षी होतात आणि ती आरोपीच्या पिंजऱ्यात बोलेनाशी होते. बहुतेक जणी इथे नुसत्या मान खाली घालून स्वगताची वाट बघतात. तसं करू नका. वकील झालेल्या सुखात्म्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या शब्दांत वहीत लिहा आणि तालमीत ते ओठांपर्यंत आणून गिळा. साक्षीदारांपैकी पोंक्षे बोलताना श्वास कुठे अडकतो, रोकडे बोलताना नजर कुठे जाते, हे रोजच्या तालमीत सापडत जाईल. समोरच्याचं रोज नव्याने ऐकलं, तरच.

मग स्वगत. बाकीची पात्रं तेव्हा थिजलेली असतात. त्यांच्या लेखी ती काही बोललेलीच नाही. म्हणून न्यायाधीश झालेल्या काशीकरांवर ओरडणं चुकीचं आहे. ती कोणाशी बोलते आहे हे तुम्ही ठरवा: दामल्यांशी, पोटातल्या बाळाशी की स्वतःशी? परिच्छेदागणिक उत्तर बदललं तरी चालेल. रडू येण्यासाठी स्वतःची जुनी जखम उकरू नका. एखाद्या प्रयोगाला ती साथ देईल, पंधराव्याला देणार नाही, आणि त्रास मात्र घरी सोबत येईल.

तालीम संपली की तोंड धुवा, सगळ्यांनी एकमेकांना खऱ्या नावांनी हाका मारा, चहा घ्या. सुखात्मे करणाऱ्या मुलालाही त्यात सामील करून घ्या. इतका वेळ त्याने तुमच्यावर आरोप केलेले असतात.