मधुमेहाचे प्रमाण : देश, महाराष्ट्र आणि आपण

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात गेली काही वर्षे एक गोष्ट आमच्या ध्यानी येत आहे. भोजनाच्या पंक्तीत खिरीची पळी पुढे आली की अनेक जण वाटीवर हात ठेवतात. चहाच्या वेळी बिनसाखरेच्या किटलीभोवती गर्दी होते. ज्या मुलांनी याच वसतिगृहात ज्वारीची भाकर आणि पातळ वरण खाऊन शिक्षण घेतले, ती चाळिशी ओलांडताच मधुमेहाची गोळी खिशात बाळगून येतात. आम्ही वैद्य नव्हे, इतिहासाचे शिक्षक आहोत. परंतु एखादा आकडा कोणी, केव्हा व कोणत्या पद्धतीने गोळा केला हे विचारणे हा आमच्या विषयाचा पहिला धडा आहे. त्याच दृष्टीने या प्रश्नाचा येथे विचार करीत आहोत.

देशाचे चित्र

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेले ‘इंडियाब’ सर्वेक्षण हे या विषयावरील सर्वांत विस्तृत सर्वेक्षण होय. २००८ ते २०२० या काळात ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वीस वर्षांवरील १,१३,०४३ व्यक्तींची तपासणी त्यात झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आहे. म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख माणसे. शहरांत ते १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के आहे. याखेरीज १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. राज्याराज्यांतील अंतरही मोठे आहे. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के आणि केरळात २५.५ टक्के आहे. उत्तर प्रदेशात मात्र ४.८ टक्के.

महाराष्ट्राचे स्थान

याच सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के होते. शहरी भागात १०.९ आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के. ११.४ मधून ८.४ वजा करून ‘महाराष्ट्र तीन टक्क्यांनी सुरक्षित’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह वाचकास होईल. तो टाळावा. राष्ट्रीय आकड्यात पुढील दहा वर्षांची पाहणी मिसळलेली आहे. महाराष्ट्राचा हा आकडा मात्र आरंभीच्या काळातला आहे. वेगवेगळ्या काळांची दोन साधने शेजारी ठेवून त्यांची वजाबाकी करणे इतिहासात चालत नाही, तसे येथेही चालणार नाही.

न्याय्य तुलना त्याच टप्प्यातील राज्यांशी होते. तेव्हा तामिळनाडूचे प्रमाण १०.४ टक्के आणि झारखंडचे ५.३ टक्के होते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये होता. मात्र त्याहून अधिक बोलका असा एक आकडा त्याच अहवालात आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांचे प्रमाण तामिळनाडूत ८.३ टक्के होते, तर महाराष्ट्रात १२.८ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात रोग्यांपेक्षा रोगाच्या वाटेवरील माणसे अधिक होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील १३.५ टक्के स्त्रिया व १५.६ टक्के पुरुषांची रक्तशर्करा वाढलेली होती किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. तेथेही महाराष्ट्र राष्ट्रीय सरासरीहून किंचित खालीच आहे. परंतु ही तपासणी बोटातील थेंबभर रक्तावर, दिवसाच्या कोणत्याही वेळी केलेली होती, हे विसरता कामा नये.

हा श्रीमंतांचा रोग आहे काय?

आपल्या वस्त्यांत आजही ‘शुगर हा मोठ्या लोकांचा रोग’ असे म्हटले जाते. २०१७ साली पंधरा राज्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा या समजुतीला धक्का बसला. ग्रामीण भागात सधनांमध्ये मधुमेह अधिक होता, हे खरे. परंतु चंदीगड, महाराष्ट्र आणि तामिळनाडू या तुलनेने संपन्न प्रदेशांच्या शहरांत तो निम्न आर्थिक स्तरात अधिक आढळला. शहरातील गरीब वस्ती म्हणजे कोण, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच पाहणीत मधुमेह आढळलेल्यांपैकी ४७.३ टक्के लोकांस आपणास हा रोग आहे हे तोवर ठाऊकच नव्हते.

यामागील एक कारण पुण्याजवळच्या खेड्यांतून पुढे आले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तेथील माता व बालकांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने बरीच कमी, सरासरी २.७ किलोग्रॅमची होती. परंतु त्यांच्या शरीरात स्नायू कमी पडले असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती. मातेचे पोषण अपुरे राहिले की गर्भ अल्पात भागविण्यास शिकतो. पुढे त्याच शरीराला भरपूर अन्न व अल्प श्रम मिळाले की ते भार पेलू शकत नाही. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन ज्या माता खडी फोडायला गेल्या, त्यांची लेकरे आज कार्यालयात बसून काम करतात. ही प्रगती आम्हास अभिमानास्पद आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीचा हिशेब देह विसरत नाही. म्हणून या रोगाला केवळ जिभेचा दोष मानणे आम्हास अन्यायाचे वाटते.

बाबासाहेब आणि धम्म

परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता. संविधानाचा मसुदा सिद्ध होत असताना पायांच्या वेदना व निद्रानाश यांनी ते त्रस्त होते. १९४८ पासून डॉ. सविता (माईसाहेब) आंबेडकर यांनी त्यांचे पथ्य व औषधोपचार सांभाळले. १९५४ साली ते काही महिने अंथरुणास खिळून होते. दृष्टीही क्षीण झाली होती. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपणास धम्माचा मार्ग दिला. त्यांच्या आजाराचे स्मरण करून आपण केवळ हळहळतो. त्यापासून सावध मात्र होत नाही.

संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. अतिभोजनाने धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्यास भोजनातील मात्रा जाणण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नामक तरुणास भोजनाच्या वेळी त्या उपदेशाचे स्मरण करून देण्याचे काम सोपविले आणि हळूहळू आहार कमी केला. उपवासाचा अतिरेक नाही आणि भोगाचाही नाही. हाच मध्यम मार्ग. प्रत्येक घरात असा एक सुदर्शन असावा.

कर्तव्य

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा उपाशीपोटी रक्तशर्करा तपासावी. १२६ किंवा त्याहून अधिक आकडा आल्यास पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्या कुटुंबांत सिकलसेल आहे, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे; कारण तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी तपासणी अशा व्यक्तींत फसवी ठरू शकते. विदर्भातील आपल्या समाजाने हे विशेष ध्यानी ठेवावे. वैशाखी पौर्णिमेच्या खीरदानाशेजारी आणि वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या जोडीला विहारात रक्ततपासणीचे एक टेबल मांडणे अवघड नाही.

मात्र सर्व भार व्यक्तीवर टाकून चालणार नाही. पोषणमान, राहणीमान व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदानुसार राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध मिळणे हा उपकार नव्हे. ते मिळत नसेल तर मागणे, संघटितपणे मागणे, हे बाबासाहेबांच्या अनुयायांस शिकवावे लागू नये.

या शाळेने आपणास वाचावयास शिकविले. आता आपल्या रक्ताचा अहवालही वाचावयास शिकू या. पुढील मेळाव्यात आपण सर्व जण असावेत, धडधाकट असावेत, एवढीच आमची मंगलकामना.

भवतु सब्ब मंगलं.