छातीवरचा कॅमेरा आणि खिशातला हिशेब: बारामती-इंदापूरच्या सायकलस्वारांसाठी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गिअरची सायकल मातीत घालायला घाट शोधावा लागत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता आहे, सुपे-शिर्सुफळकडची माळरानं आहेत, कडबनवाडीचं गवताळ रान आहे. उजनीचं पाणी ओसरलं की भिगवण-पळसदेवकडे मैलोन्‌मैल जमीन उघडी पडते, आणि उसाच्या फडांमधून जाणाऱ्या पाणंद रस्त्यांचं जाळं तर बारमाही. या वाटांवर सायकल चालवणाऱ्यांना आता ही सफर चित्रित करायचीही हौस लागली आहे. ही हौस चांगली आहे. आपल्या भागाचं हे रूप पडद्यावर फारसं कुणी दाखवलेलं नाही. मात्र अ‍ॅक्शन कॅमेरा घेताना बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात, म्हणून हा हिशेब.

एक सूचना आधी. कॅमेऱ्यांच्या किमती सतत हलतात आणि दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये तर बऱ्याच घसरतात. इथे दिलेल्या किमती अंदाज बांधण्यापुरत्या धराव्यात आणि खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी पडताळाव्यात.

दुकानात पहिला शब्द कानावर पडतो तो ‘४के’. तो थोडा बाजूला ठेवा आणि तुम्ही सायकल किती वाजता काढता हे आठवा. आपल्याकडे मार्चपासून नऊच्या सुमारास ऊन चटके देऊ लागतं, त्यामुळे मंडळी पहाटे पाचला निघतात आणि अर्धी सफर उजाडण्याच्या सुमारास उरकते. हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर धुकं असतं. म्हणजे आपलं निम्मं चित्रण अंधूक उजेडातलं, आणि नेमका तिथेच स्वस्त कॅमेरा उघडा पडतो. उजेड कमी झाला की कॅमेरा प्रत्येक चौकटीसाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. तेवढ्या वेळात मुरमावर सायकल हादरते आणि चौकट मुळातच पुसट टिपली जाते. हादरे काढणारी यंत्रणा, म्हणजे स्टॅबिलायझेशन, चौकट जागेवर धरते, पण पुसटपणा तिला काढता येत नाही. मग पडद्यावर सगळं स्थिर दिसतं तरी दर क्षणाला थरथरतं. यावर खरा उपाय मोठ्या सेन्सरचा. आपल्यासारख्या पहाटे निघणाऱ्यांनी ‘के’च्या आधी सेन्सरचा आकार विचारावा.

आता बाजारातले पर्याय.

तीन ते सात हजारांत ‘४के’ असं ठळक छापलेले बरेच कॅमेरे मिळतात. त्यांतल्या पुष्कळांचा सेन्सर खरं ४के टिपतच नाही, कमी आकाराचं चित्र ताणून मोठं केलेलं असतं. स्टॅबिलायझेशन एक तर नसतं किंवा नावापुरतं असतं. पोहताना किंवा स्कूटरवर डांबरी रस्त्याने जाताना ते चालून जाईल. पाणंदीत दगड आणि चाकोऱ्या आल्या की ते चित्रण दोन मिनिटंही बघवत नाही. माझं स्पष्ट मत आहे की सायकलसाठी हे पैसे घालू नयेत. तेवढ्यात चार वेळा चांगला कॅमेरा भाड्याने आणता येईल.

वीस ते तीस हजारांचा टप्पा सर्वांत कामाचा. एक-दोन पिढ्या जुना, पण नवा कोरा, सीलबंद कॅमेरा इथे मिळतो. डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्याचा सेन्सर १/१.३ इंचाचा आहे, म्हणजे या आकाराच्या कॅमेऱ्यात मोठाच. तो वेगळ्या खोक्याशिवाय १८ मीटरपर्यंत पाण्यात चालतो आणि चुंबकी पकडीमुळे हातमोजे न काढता काढ-घाल करता येते. पहाटे निघणाऱ्याला मी डोळे मिटून हा सुचवीन. याच टप्प्यात २०२४ चा छोटा गोप्रो हिरोही दिसेल. वजन जेमतेम ८६ ग्रॅम, दिसायला देखणा. पण त्याची बॅटरी काढून दुसरी घालता येत नाही आणि हादरे काढण्याचं काम नंतर फोनवरच्या अ‍ॅपमध्ये करावं लागतं. तासाभराच्या फेरीला ठीक, पण बारामतीहून भिगवणला जाऊन परत यायचं असेल तर अपुरा.

पस्तीस ते पंचेचाळीस हजारांत गोप्रो हिरो १३ ब्लॅक आणि ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रो हे सप्टेंबर २०२४ मध्ये आलेले दोघे समोरासमोर येतात. हिरो १३ चा सेन्सर १/१.९ इंचाचा, म्हणजे ऑस्मोपेक्षा लहान. दिवसा उजेडी त्याचं चित्र सुरेख येतं, ५.३के पर्यंत जातं आणि हायपरस्मूथ ही त्याची हादरे काढणारी यंत्रणा नावाजलेली आहे. हिरो १२ मधून काढून टाकलेलं जीपीएस हिरो १३ मध्ये परत आलं, त्यामुळे वेग आणि वाट चित्रणावर दाखवता येते. गोप्रोची सुटी सामग्री कुठेही मिळते आणि जुना विकताना भावही बरा येतो. अ‍ॅक्शन ५ प्रोची बॅटरी अधिक टिकते, आणि त्यात ४७ जीबी जागा आतच असते, म्हणजे कार्ड घरी विसरलं तरी सफर वाया जात नाही. ज्यांचं चित्रण बहुतेक सात वाजल्यानंतरचं आहे त्यांनी गोप्रो घ्यावा, बाकीच्यांनी ऑस्मो.

पन्नास हजारांच्या पुढे सगळीकडून टिपणारे ३६० अंशांचे कॅमेरे, त्यांत इन्स्टा३६० चे एक्स४ आणि एक्स५ प्रमुख. माळरानावर यांची मजा वेगळीच आहे. आजूबाजूला काही नसताना सायकलस्वार, गवत आणि आभाळ एका चौकटीत येतं आणि कॅमेरा धरणारी काठी आपोआप चित्रातून गायब होते. पण पाणंदीत दोन्ही बाजूंनी उसाची पाती घासतात आणि या कॅमेऱ्यांची भिंगं बाहेर आलेली असतात. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या एक्स५ चं भिंग स्वतः बदलता येतं, त्याआधीच्या मॉडेलांवर निदान भिंगाचं आवरण तरी चढवावं. घरी आल्यावर कोणती बाजू दाखवायची हे निवडत बसावं लागतं, त्यात वेळ फार जातो. पहिला कॅमेरा म्हणून हा घेऊ नये.

काहींना वाटतं, हातातला फोनच हँडलला बांधला तर? मोटरसायकलच्या जोरकस कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरता आणि फोकसची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. मुरमावरचे सायकलचे हादरे वेगळ्या जातीचे असले तरी महागडा फोन तिथे बांधण्याचं धाडस मी करणार नाही.

कॅमेरा लावायचा कुठे, यावर चित्रणाची अर्धी गुणवत्ता ठरते आणि याला खर्च सर्वांत कमी. हँडलवर लावला तर पुढच्या चाकाचा प्रत्येक दणका थेट कॅमेऱ्यात जातो. हेल्मेटवर लांबचं दिसतं, पण चित्र सपाट वाटतं, उतार उतार वाटत नाही, आणि वाकलेल्या बाभळीची फांदी कॅमेऱ्यात अडकली तर मानेला हिसका बसतो. माझी पसंती छातीच्या पट्ट्याला. हात, हँडल, पुढचं चाक आणि समोरची वाट एकत्र दिसते, तेव्हाच बघणाऱ्याला वेग जाणवतो. शिवाय हादऱ्यांपैकी बरेच आपलं अंगच शोषून घेतं. फक्त कोन आधी घरी बघून घ्या. आपण सायकलवर पुढे झुकतो, त्यामुळे उभं राहून सरळ लावलेला कॅमेरा चालवताना नुसतं टायर टिपतो. त्याला चांगलाच वरच्या दिशेने कलवावा लागतो. कंपनीचा पट्टा अडीच-तीन हजारांच्या पुढे असतो, साधा पाचशे ते नऊशेत मिळतो, आणि शिवण घट्ट असेल तर साधा पुरतो. कॅमेऱ्याला बारीक दोरी बांधून ती पट्ट्यात अडकवा. कालव्याच्या कडेने जाताना ती दोरी फार मोलाची.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. चांगल्या दर्जाचं ४के चित्रण सेकंदाला साधारण १०० मेगाबिट घेतं. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी आणि तासाला ४५ जीबी. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास भरतं, ६४ जीबीचं जेमतेम दीड तासात. कार्डावर ‘व्ही३०’ ही खूण हवीच, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. नामांकित कंपनीचं असं १२८ जीबी कार्ड बाराशे ते दोन हजारांत येतं. त्याहून फारच स्वस्त दिसलं तर ते बनावट असण्याचा धोका मोठा. घेतल्याबरोबर एकदा पूर्ण भरून, परत वाचून तपासा. बनावट कार्डावर सुरुवातीच्या फायली ठीक असतात आणि पुढचं सगळं गेलेलं असतं.

जादा बॅटरी घेताना मॉडेल नीट पाहा. गोप्रो हिरो ९ ते १२ ची बॅटरी एकच आहे, हिरो १३ ची वेगळी. जुन्या बॅटऱ्या स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतल्या तर नव्या कॅमेऱ्यात बसायच्या नाहीत. कंपन्या बॅटरीचे जे तास सांगतात ते बहुधा कमी दर्जाच्या चित्रणाचे असतात, ४के ला त्याच्या निम्मे धरून चालावं.

आता बेरीज. मधल्या टप्प्यातला कॅमेरा २६,००० रुपयांना मिळाला असं समजू. कार्ड १,५००, जादा बॅटरी १,८००, छातीचा पट्टा ८००, दोरी आणि वाऱ्याचा आवाज अडवणारं स्पंजचं आवरण मिळून ४००, भिंगावरची संरक्षक काच ५००. एकूण ३१,०००. म्हणजे कॅमेऱ्याच्या किमतीवर जवळजवळ पाचवा हिस्सा चढला, आणि यातलं काहीही टाळण्यासारखं नाही. ज्याच्याकडे एकूण तीस हजार आहेत, त्याने पंचवीसच्या आतलाच कॅमेरा बघावा.

घरी आल्यावरचा खर्च कुणी सांगत नाही. दर आठवड्याच्या दोन तासांच्या सफरीचे ९० जीबी म्हणजे फोन महिनाभरात भरणार. एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क लागतेच, तिचे पाच-सहा हजार धरा. जुना लॅपटॉप या फायली अडखळत चालवतो, तेव्हा नवा लॅपटॉप घेण्याआधी चित्रणाचा दर्जा उतरवून पाहा. दहा मिनिटांचा ४के व्हिडिओ त्याच दर्जात चढवायचा तर साडेसात जीबी होतो आणि २० एमबीपीएसच्या जोडणीवर पाऊण तासापेक्षा जास्त वेळ खातो. गावाकडे चढवण्याचा वेग बरेचदा याहून कमी असतो. बघणारे मोबाइलवर बघणार असतील तर १०८०पी, सेकंदाला ६० चौकटी, हे अगदी पुरेसं. ४के तेव्हाच वापरावं, जेव्हा आडव्या चित्रातून नंतर उभं रील कापायचं असेल. कापायला डाव्हिन्ची रिझॉल्व्ह हे संगणकावर फुकट मिळतं आणि शिकण्यासारखं आहे.

खरेदीआधी पुण्यातून दोन दिवसांसाठी भाड्याने आणून पाहणं हा सर्वांत शहाणपणाचा खर्च. दिवसाला साधारण पाचशे ते हजार रुपये आणि वर अनामत. शनिवार-रविवार आपल्या नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या वेळेला चालवून बघा. दुकानातल्या झगझगीत उजेडात सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. परत देताना भिंगावरचे ओरखडे दाखवून अनामत कापली जाऊ नये म्हणून ताब्यात घेतानाच फोनवर फोटो काढून ठेवा.

नवा घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या. कॅमेऱ्यांवर १८ टक्के कर आहे, त्यामुळे ‘बिलाशिवाय तीन-चार हजार कमी’ असं आमिष हमखास दाखवलं जातं. तसा कॅमेरा बिघडला की वॉरंटी नाही आणि दाद मागायला कागदही नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असायला हवी. ही माहिती नसेल तर माल अधिकृत मार्गाने आलेला नाही असं समजा. शंभर किलोमीटरवर पुण्याला हेलपाटे घालणं परवडत नाही, म्हणून दुरुस्तीचं केंद्र कुठे आहे, कुरिअरने स्वीकारतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

जुना घेत असाल तर भिंग उन्हात तिरकं धरून ओरखडे पाहा, बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा, आणि झाकणाभोवतीचं रबर बोटाने चाचपा. त्या रबरात वाळूचा एक कण बसला तरी पाणी आत जातं. आपल्या भागातला कॅमेरा मुरमाच्या धुळीत वाढलेला असतो, हे लक्षात ठेवून भाव करा. स्वतःचाही रोज जपा. धूळ आधी ब्लोअरने उडवायची, मग मऊ कापडाने पुसायचं. शर्टाने पुसलं की मुरूम भिंगावर रेघा ओढतो. मे महिन्यात चहाला थांबलात तर चित्रण बंद करा आणि कॅमेरा सावलीत ठेवा. चालताना वारा त्याला गार ठेवतो, उभा राहिला की तापून बंद पडतो.

राहिला प्रश्न कुठे चित्रण करायचं याचा. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे आणि ते चिंकारांचं घर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात जायला आणि चित्रणाला परवानगी लागते. शिर्सुफळ आणि कडबनवाडीच्या रानात वनविभागाची सफारी आहे, तिचे मार्ग ठरलेले आहेत. सायकल घेऊन गवतात शिरणं त्यात बसत नाही. चिंकारांचा कळप दिसला म्हणून त्यांच्या मागे सायकल घालून चित्रण करणं तर अजिबात नको. पळून दमलेलं हरिण लांडग्याच्या किंवा भटक्या कुत्र्यांच्या तावडीत सापडतं. ऊसतोडीच्या काळात पाणंदीकडेला मजुरांच्या कोप्या असतात. त्या लोकांची ती घरं आहेत, तिथे कॅमेरा बंद करा किंवा थांबून विचारा. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते, तेव्हा त्या रस्त्यावर सायकल घालूच नये. बेलवाडीचं रिंगण टिपायचं असेल तर सायकल घरी ठेवून पायी जावं, कॅमेरा हातात धरावा आणि वारकऱ्यांच्या वाटेत येऊ नये.