एअरशिप उडेल हो, पण हेलियम कुठून आणायचा?

एअरशिप म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो जुन्या इंग्रजी पिक्चरमधला सिगारच्या आकाराचा अवाढव्य फुगा. हे प्रकरण आपल्या आजोबांच्या काळातच संपलं, असा बहुतेकांचा समज असतो. त्याला कारणही तसंच आहे. ५ ऑक्टोबर १९३० रोजी इंग्लंडहून कराचीला निघालेलं 'आर-१०१' फ्रान्समध्ये कोसळलं आणि ४८ जण गेले. (कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे ते आपल्याच इलाख्यात उतरणार होतं!) पुढे ६ मे १९३७ ला अमेरिकेत 'हिंडेनबर्ग' पेटलं, त्यात ३६ बळी गेले. दोन्हींत हायड्रोजन भरलेला होता.

गंमत म्हणजे हिंडेनबर्गचं डिझाइन मुळात हेलियमसाठी झालं होतं. पण हेलियम होता अमेरिकेकडे आणि तिथल्या कायद्याने तो बाहेर जाऊ दिला नाही. म्हणजे एअरशिपचा प्रश्न तेव्हाही इंजिनचा नव्हता, पुरवठ्याचा होता. आज नव्वद वर्षं होत आली तरी तो तसाच आहे.

नवीन एअरशिप

जर्मनीच्या 'झेपेलिन एनटी'ने १९९७ मध्ये पहिलं उड्डाण केलं. लांबी ७५ मीटर, पोटात ८,४२५ घनमीटर हेलियम. ब्रिटनचं ९२ मीटर लांब 'एअरलँडर १०' ऑगस्ट २०१६ मध्ये उडालं आणि दुसऱ्याच उड्डाणात नाकावर आपटलं. अमेरिकेत 'पाथफाइंडर १' हे १२४ मीटरचं एअरशिप तयार झालं आहे. आपल्याकडे आग्र्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने बनवलेलं मानवरहित एअरशिप ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशात श्योपूरहून सुमारे १७ किलोमीटर उंचीवर गेलं आणि ६२ मिनिटं उडालं. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातही या विषयावर बरीच वर्षं काम चालू आहे.

यांना रनवे लागत नाही, वर राहायला इंधन जाळावं लागत नाही. पवनचक्कीचं लांबलचक पातं घाटातून ट्रकने न्यायचं म्हणजे काय दिव्य असतं, ते कल्पनेनेही कळतं. एअरशिपला घाटच आडवा येत नाही.

थोडं गणित

आर्किमिडीजचं तत्त्व सगळ्यांना पाठ आहे. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात एक घनमीटर हवेचं वजन १.२२५ किलो, हेलियमचं ०.१६९ किलो. वजाबाकी केली की उचल मिळते १.०५६ किलो. हायड्रोजनचं वजन हेलियमच्या निम्मं, म्हणून उचल दुप्पट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती १.१४ किलो, म्हणजे जेमतेम आठ टक्के जास्त. कारण उचल ठरते ती बाजूला सारलेल्या हवेवरून.

आता हेच गणित वाशीमला आणू. आपली उंची साधारण ५५० मीटर आणि मे महिन्यातली दुपार ४२ अंशांची. पीव्ही = एनआरटी लावून बघा, इथे हवेचं वजन येतं सुमारे १.०५ किलो, हेलियमचं ०.१४५ आणि उचल फक्त ०.९१ किलो! झेपेलिन एनटी पूर्ण भरलं आहे असं धरलं, तर समुद्रकिनारी ८.९ टन उचल आणि वाशीमच्या उन्हात ७.६ टन. सव्वा टनाचा फटका. सांगाडा आणि इंजिनचं वजन काही कमी होत नाही, त्यामुळे हा सगळा फटका मालावर बसतो. आणि त्याची मालक्षमता मुळात दोन टनांच्या आतच आहे! तेव्हा परदेशी माहितीपत्रकातले आकडे जसेच्या तसे इथे चालत नाहीत.

हेलियम आणि महाराष्ट्र

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एक वाक्य हमखास भेटतं, 'हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.' विजयदुर्गला 'साहेबाचे ओटे' आहेत, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. पण तारखा तपासल्या तर गोष्ट थोडी वेगळी निघते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते गुंटूरला. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. त्यांनी तिथूनच २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात ५८७.५ नॅनोमीटरच्या आसपासची पिवळी रेषा पाहिली. ती सोडियमची नव्हती. पृथ्वीवर हा वायू वेगळा काढला तो रॅमसे यांनी १८९५ मध्ये.

लॉकियर विजयदुर्गला आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे (आजचं सीओईपी) प्रा. कावसजी नायगमवाला दुर्बिणी घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते आणि ब्रिटिश निरीक्षकांची एक तुकडी आपल्या वऱ्हाडात तळणीला उतरली होती. इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या कॉलेजातला आपलाच एक प्राध्यापक तेव्हा त्या रांगेत उभा होता. माझ्या मते अभिमान धरायचा तर याचा धरावा.

मिळतो कुठे?

युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्सारी ऱ्हासातून निघणारा अल्फा कण म्हणजेच हेलियमचं केंद्रक. खडकात तयार झालेला हा वायू काही ठिकाणी नैसर्गिक वायूबरोबर अडकून राहतो आणि तिथूनच तो वेगळा काढतात. हवेत तो दहा लाखांत फक्त पाच भाग, त्यामुळे हवेतून काढणं परवडत नाही. आपल्या पायाखालच्या काळ्या बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटच्या मानाने बरंच कमी, म्हणून वाशीमला बोअर मारून हेलियम लागेल या आशेत राहू नये!

जगाचा बहुतेक पुरवठा अमेरिका, कतार, अल्जीरिया, रशिया अशा मोजक्या देशांतून होतो. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली आणि तिथले हेलियम प्रकल्प काही काळ बंद पडले. भारतात पश्चिम बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांवर आणि तमिळनाडूतल्या कुथालमच्या वायूवर प्रायोगिक काम झालं, पण आपली गरज भागते ती आयातीवरच.

आधी कोणाला?

एमआरआय मशीनचं चुंबक उणे २६९ अंशांवर ठेवायला नेहमीच्या मशीनमध्ये साधारण १,५०० लिटर द्रव हेलियम लागतो. एका लिटरचा सुमारे ७५० लिटर वायू होतो. म्हणजे एका झेपेलिन एनटीत सात-साडेसात एमआरआय मशीनचा हेलियम बसतो. दोन्हीकडे तो भरून ठेवायचा असतो, रोज जाळायचा नसतो. पण गळती होतेच, आणि एकदा हवेत सुटलेला हेलियम अखेर अवकाशात निघून जातो. परत मिळत नाही.

तेव्हा टंचाईच्या काळात पहिला हक्क दवाखान्याचा, याबद्दल दुमत नसावं. वाढदिवसाच्या फुग्यांचा नंबर अगदी शेवटी. मानवरहित फुग्यांना हायड्रोजन चालू शकतो. टीआयएफआरच्या हैदराबाद केंद्रातून संशोधनाचे मोठे फुगे हायड्रोजन भरूनच सोडले जातात. माणसं बसणार असतील तिथे मात्र हेलियमच हवा. आणि जो वापरू तो परत गोळा करून शुद्ध करायची सोय हवी. हे काम मेकॅनिकल आणि केमिकलवाल्यांचंच आहे.

फायनल इयरसाठी

दोरीला बांधलेल्या फुग्यावरून कॅमेऱ्याने शेतीची पाहणी, हा प्रोजेक्ट आपल्याला जमण्यासारखा आहे. दीड मीटर व्यासाच्या गोल फुग्यात १.७७ घनमीटर वायू बसतो. मे महिन्यात उचल १.६ किलो. कापड दर चौरस मीटरला १०० ग्रॅमचं धरलं तर फुग्याचं वजन ०.७ किलो, उरले ९०० ग्रॅम. त्यात कॅमेरा आणि दोरी. व्यास निम्मा केला तर? उचल आठपटीने घटते, कापड फक्त चौपटीने. उरतात जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. एअरशिप एवढी अवाढव्य का असतात, त्याचं उत्तर इथे आहे.

प्रशासनाची परवानगी घ्या, वारा बघा, आणि काम झाल्यावर हेलियम हवेत सोडू नका. आधी वहीत गणित सोडवा, सिलिंडरचा खर्च नंतर.