तिरळेपणाच्या ऑपरेशनआधी घराण्याचा इतिहास सांगा

मेलबर्नच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याचा पाय मोडला होता, पण त्याला धास्ती होती ती भुलीची. आपले १० नातेवाईक ईथरची भूल दिल्यावर दगावले, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. म्हणून ईथर टाळून त्याला हॅलोथेन हुंगवलं गेलं. थोड्याच वेळात रक्तदाब घसरला, नाडी पळू लागली, अंग तापलं. भूल थांबवून, बर्फाने अंग गार करून डॉक्टरांनी त्याला वाचवलं.

डॉक्टर डेनबरो आणि लव्हेल यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत छापली. भुलीच्या काही औषधांनी अंग धोकादायक तापतं अशा मॅलिग्नंट हायपरथर्मिया या आनुवंशिक विकाराचा शोध त्यातून सुरू झाला. पुढे त्याच तरुणाचं मूतखड्याचं ऑपरेशन पाठीच्या कण्यात भूल देऊन सुखरूप पार पडलं. एका रुग्णाचं म्हणणं गांभीर्याने ऐकलं गेलं, हे या कथेतलं सगळ्यात मोलाचं.

तिरळेपणाशी याचा संबंध काय? तिरळ्या मुलांना हॅलोथेन आणि स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन एकत्र दिल्यावर जबडा आखडण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असल्याचं १९८७ मध्ये एका अभ्यासात दिसलं. जबडा असा आखडणं ही या विकाराची पहिली खूण असू शकते. मात्र तिरळेपणा म्हणजे हा विकार नव्हे. बहुतेक मुलांना भूल सोसते, आणि निव्वळ भीतीपोटी उपचार लांबवले तर तिरळ्या डोळ्याची नजर कायमची अधू होऊ शकते.

हल्ली वापरात असलेलं सेव्होफ्लुरेनसुद्धा हा विकार चेतवू शकतं. नायट्रस ऑक्साइड नाही. धोका असेल तर प्रोपोफॉलसारखं औषध शिरेतून देऊन भूल देता येते. डँट्रोलिन हे या विकारावरचं औषध. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत संशोधक हॅरिसन यांनी डुकरांवर त्याचा गुण दाखवून दिला.

आपल्याकडे ‘ते टेबलावरच गेले’ असं म्हणून विषय मिटवतात. पालकहो, तसं करू नका. आई आणि वडील, दोन्हींकडच्या वडीलधाऱ्यांना विचारा: भुलीत कुणाला अचानक ताप चढला, अंग ताठरलं, कुणी दगावलं? कुणाला स्नायूंचा आजार आहे? मुलाला आधी एकदा भूल सोसली, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. मिळालेली माहिती कागदावर लिहा आणि ऑपरेशनआधी तो कागद थेट भूलतज्ज्ञांच्या हाती द्या.