गच्ची गळते, खर्च कोणाचा?

प्रश्न : डोंबिवलीतल्या २४ वर्षं जुन्या इमारतीत आम्ही सर्वात वरच्या, चौथ्या मजल्यावर राहतो. दर पावसाळ्यात बेडरूमचं छत गळतं. यंदा प्लास्टरचा पोपडा पलंगावर पडला आणि आतली गंजलेली सळई उघडी पडली. ‘त्रास तुम्हाला आहे, तर वॉटरप्रूफिंगचा खर्चही वरच्या मजल्यावरच्यांनी करा,’ असं कमिटीचं म्हणणं आहे. उलट, आमच्या बाथरूममुळे तिसऱ्या मजल्यावर ओल येते, तर ती दुरुस्ती मात्र आम्हीच करायची म्हणतात. दोन्हीकडून आमच्याच माथी खर्च का? वैतागून मेंटेनन्स भरणं बंद करावं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बाथरूमच्या बाबतीत कमिटीचं बरोबर आहे, गच्चीच्या बाबतीत साफ चूक. खर्च कोणाचा, हे पाणी कुठे पडतं यावर ठरत नाही, ते कुठून येतं यावर ठरतं.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या कामांची यादीच दिली आहे. गच्ची आणि कठडे, बाहेरच्या भिंती, जिने, पाण्याच्या टाक्या, पंप, लिफ्ट, सामाईक जलवाहिन्या आणि ड्रेनेज, पावसाच्या पाण्याची गळती हे सगळं तिच्यात येतं. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या छताचं प्लास्टर खराब झालं, तर ते दुरुस्त करण्याची जबाबदारीही स्पष्ट शब्दांत संस्थेवरच आहे. म्हणजे वॉटरप्रूफिंगचा खर्च तर संस्थेचाच, पण तुमच्या बेडरूमचं छत नीट करून देणंही तिचंच काम. गच्ची सर्वांच्या मालकीची आहे, म्हणून तळमजल्यावरच्या सभासदाचाही खर्चात वाटा येतो. लिफ्ट न वापरणारा तळमजलावाला लिफ्टच्या खर्चातून सुटत नाही, तसंच हे.

संडास-बाथरूम, सिंक अशा घरातल्या गळतीचा खर्च मात्र संबंधित सदनिकाधारकांनी करायचा असतो. खालच्या घरातली ओल पावसाळा संपल्यावरही कायम असेल, तर तुमच्या बाथरूमची तपासणी करून घ्या. जाळी बंद करून फरशीवर पाणी साठवलं, की गळती फरशीतून आहे की पाइपातून, हे प्लंबरला कळतं. दोष सामाईक उभ्या पाइपाचा निघाला, तर खर्च पुन्हा संस्थेकडे जातो.

‘फंडात पैसे नाहीत’ असं उत्तर तुम्हाला मिळेल. त्यासाठीच तर दुरुस्ती निधी असतो. प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी या निधीसाठी घ्यायची असते आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. बांधकाम खर्च ८ लाख रुपये असेल, तर दुरुस्ती निधीचे वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५०० रुपये होतात. कमी मेंटेनन्स म्हणजे चांगला कारभार, या समजुतीपायी अनेक संस्था ही रक्कम घेतच नाहीत आणि मग एकदम मोठा खर्च अंगावर येतो. तुमच्या बिलात हे दोन रकाने आहेत का, ते आधी पाहा.

सळई उघडी पडली आहे, ही गोष्ट मला सर्वात गंभीर वाटते. सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. नुसतं प्लास्टर थापून ते थांबत नाही. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करावं, असं उपविधी सांगतात. तुमच्या इमारतीचं शेवटचं ऑडिट कधी झालं, हे लेखी विचारा. छत दुरुस्त होईपर्यंत त्याखाली झोपू नका.

मेंटेनन्स मात्र अजिबात थांबवू नका. थकबाकीवर व्याज चढतं, कमिटीवर येण्याचा हक्क जातो आणि सहकार अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखला निघू शकतो. तक्रार तुमची रास्त असली, तरी कागदावर दोषी तुम्हीच ठरता. हवं तर ‘हक्क राखून भरत आहे’ असं पत्र जोडा, पण रक्कम भरा.

आता हे करा. फोटो आणि तारखांसह कमिटीला अर्ज द्या आणि पोहोच घ्या. संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत मागा, कारण आदर्श उपविधी संस्थेने स्वीकारलेले असतील तरच ते लागू होतात. कमिटी हलली नाही, तर एक-पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करा. तरीही दाद लागली नाही, तर लक्षात ठेवा : गळती आणि दुरुस्तीचे वाद उपनिबंधकांकडे नाही, तर सहकार न्यायालयात जातात. चुकीच्या दारात अर्ज देऊन अनेकांचं वर्ष वाया जातं. संस्थेच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.

गच्चीचं काम कोरड्या दिवसांतच होतं आणि कोटेशन मागवणं, सभेची मंजुरी यांत महिने जातात. म्हणून अर्ज दिवाळीच्या आसपासच द्या. मे महिन्यात दिलेला अर्ज पुढच्या वर्षावर जातो.